आइन्स्टाइन यांचे राजकारण हे विषयांतर कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ठाण्यात झालेल्या एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग यंदा आला. विषय नेहमीचाच होता: 'माझा आवडता शास्त्रज्ञ'. सत्तावीस मुलांपैकी नऊ जण आइन्स्टाइन यांच्यावर बोलले आणि त्यांतील आठ भाषणे एकाच हाताने लिहून दिली असावीत इतकी सारखी होती. लहानपणी गणितात नापास, विस्कटलेले केस, पायांत मोजे नाहीत, जीभ बाहेर काढलेले छायाचित्र आणि शेवटी 'ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर' या सूत्रातून निघालेला अणुबाँब, असा ठरलेला क्रम. (गणितात नापास झाल्याची कथा खोटी आहे. पंधरा वर्षांचे होण्याआधीच कलन (कॅलक्युलस) त्यांच्या हाती आले होते, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे.) नववी वक्ती मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकणारी मुलगी होती. तिने सापेक्षतावाद दोन वाक्यांत उरकला आणि उरलेला वेळ आइन्स्टाइन युद्ध, देश, वंशभेद आणि सरकार यांविषयी काय म्हणाले, कधी म्हणाले आणि त्याची किंमत काय मोजली, यावर खर्च केला. माझ्या दोन्ही सहपरीक्षकांनी 'विषयाशी सुसंगती' या रकान्यात तिचे गुण कापले. चहाच्या वेळी त्यांतील एक जण मला म्हणाले, "सर, शास्त्रज्ञाचं शास्त्र सांगावं. राजकारण कशाला?"

निकाल लागला, बक्षिसे वाटून झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून मला त्या एका वाक्याविषयी लिहायचे आहे, कारण ते शिक्षकांच्या खोल्यांतून, पालकसभांतून आणि विज्ञानावरील व्याख्यानांतूनही मी सतत ऐकत आलो आहे.

आइन्स्टाइन यांच्या आयुष्यात राजकारण म्हातारपणी आले, कीर्ती मिळाल्यावर आले, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात जानेवारी १८९६ मध्ये, वयाची सतरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्यांनी वडिलांकरवी आपले जर्मन नागरिकत्व सोडून दिले. सक्तीची लष्करी नोकरी टाळणे हा त्यामागचा एक हेतू होता. पुढची पाच वर्षे, म्हणजे १९०१ मध्ये स्विस नागरिकत्व मिळेपर्यंत, हा मुलगा कोणत्याच देशाचा नव्हता. विशेष सापेक्षतेचा शोधनिबंध त्यानंतर चार वर्षांनी आला. तेव्हा क्रमच लावायचा तर राजकारण आधी आणि शास्त्र नंतर, असे म्हणावे लागेल.

परंतु माझ्या सहपरीक्षकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर १९१४ सालात आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आइन्स्टाइन बर्लिनला आले. त्यांना तिथे आणण्यासाठी ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी खटपट केली होती, आणि अध्यापनाची सक्ती नसलेले, संशोधनाला पूर्ण मोकळीक देणारे पद त्यांना मिळाले होते. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्याने तटस्थ बेल्जियम तुडवला आणि लूव्हाँ येथील विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले. ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील त्र्याण्णव नामवंतांनी सुसंस्कृत जगाला उद्देशून एक पत्रक काढले. त्यात हे आरोप साफ नाकारले होते आणि जर्मन लष्करशाही नसती तर जर्मन संस्कृती केव्हाच नष्ट झाली असती, असे बजावले होते. सह्या करणाऱ्यांमध्ये प्लांक होते, क्ष-किरणांचा शोध लावणारे राँटगेन होते, आणि पुढच्याच वर्षी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन वायू सोडण्याची व्यवस्था स्वतः पाहणारे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ गेओर्ग निकोलाय यांनी या पत्रकाला उत्तर म्हणून युरोपीय नागरिकांना आवाहन करणारा दुसरा मसुदा तयार केला. त्यावर निकोलाय यांच्याखेरीज तिघांनीच सह्या केल्या. त्या तिघांपैकी एक, पस्तीस वर्षांचे आणि शहरात येऊन सहाच महिने झालेले, आइन्स्टाइन होते. जर्मनीत तो मसुदा तेव्हा छापलाही गेला नाही.

आता विचार करा. त्र्याण्णव जणांनी सही केली हेही राजकारणच होते. तरीही राँटगेन यांच्यावर भाषण करणाऱ्या मुलाने क्ष-किरण सांगितले आणि ती सही वगळली, तर त्याचे गुण कोणी कापत नाही. किंबहुना ती सही कोणाला आठवतही नाही. सत्तेच्या बाजूने केलेले राजकारण आपल्याकडे देशसेवेच्या खात्यावर जमा होते, आणि सत्तेच्या विरोधात उच्चारलेले वाक्य तेवढे 'राजकारण' ठरते. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेबाहेर पडू नये हा नियम हाबर यांना लागू केला गेला नाही. ते लष्करी गणवेश घालून रणभूमीवर गेले होते. आणि ज्यांना राजकारणामुळे शास्त्रातले लक्ष उडते असे वाटते, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की त्या एकाकी सहीनंतर तेराच महिन्यांनी, नोव्हेंबर १९१५ मध्ये, आइन्स्टाइन यांनी सामान्य सापेक्षतेची समीकरणे बर्लिनमधील प्रशियन अकादमी या विज्ञानसंस्थेपुढे मांडली. त्या काळात ते युद्धविरोधी संघटनेच्या बैठकांनाही जात होते, आणि पुढे १९१६ मध्ये त्या संघटनेवर बंदी आली.

पुढे तर त्यांना निवडीची मुभाच उरली नाही. १९१९ च्या सूर्यग्रहणातील निरीक्षणांनी सिद्धान्ताला पुष्टी मिळाली, जगभर नाव झाले, आणि ऑगस्ट १९२० मध्ये बर्लिनच्या मोठ्या संगीतसभागृहात सापेक्षतावादाविरुद्ध जाहीर सभा भरली. समीकरणे चूक आहेत एवढेच तिथे म्हटले जात नव्हते; ती ज्यू माणसाची आहेत हाही आक्षेप हवेत होता. फिलिप लेनार्ड यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने पुढे ज्यू शास्त्रज्ञांचे भौतिकशास्त्र नाकारणारा 'जर्मन भौतिकी' नावाचा पंथच उभा केला. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ या त्यांच्या परिचित ज्यू नेत्याचा भर रस्त्यात खून झाला आणि आइन्स्टाइन यांनाही जाहीर कार्यक्रम टाळण्याचा सल्ला मिळाला. राजकारण त्यांच्या समीकरणांच्या वहीत असे येऊन बसले होते. त्याला बाहेर काढून केवळ शास्त्र सांगायचे, तर ते सांगणार कसे?

त्या मुलीच्या भाषणातला सर्वांत चांगला भाग १९३० ते १९३३ या काळाविषयी होता. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात आइन्स्टाइन म्हणाले होते की, सैन्यात बोलावलेल्यांपैकी अवघ्या दोन टक्के लोकांनी जरी लढण्यास नकार दिला तरी सरकारे हतबल होतील, कारण एवढ्या लोकांना ठेवायला तुरुंग पुरणार नाहीत. त्यानंतर अमेरिकेतील तरुण 'दोन टक्के' एवढेच लिहिलेले बिल्ले छातीवर लावून हिंडू लागले. सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना, आइन्स्टाइन यांनी त्यांना पत्र लिहिले: ज्यांनी हिंसेचा मार्ग सोडलेला नाही अशांवरही अहिंसेने विजय मिळवता येतो, हे तुम्ही कृतीने दाखवले आहे, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी ऑक्टोबरमध्ये उत्तर पाठवले आणि आपली भेट हिंदुस्थानात, आश्रमात व्हावी अशी इच्छा व्यक्त केली. ती भेट कधीच झाली नाही.

येथे एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. स्पर्धेच्या सभागृहात व्यासपीठामागे जो फलक लावला होता, त्यावर हाडामांसाचा असा माणूस या पृथ्वीवर कधी वावरला यावर पुढच्या पिढ्यांचा क्वचितच विश्वास बसेल, हे आइन्स्टाइन यांचे सुप्रसिद्ध वाक्य होते आणि खाली '१९४८, गांधीहत्येनंतर' असे छापले होते. ते वाक्य श्रद्धांजलीचे नाही. गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, १९३९ मध्ये, डॉ. राधाकृष्णन यांनी संपादित केलेल्या गौरवग्रंथासाठी ते लिहिले गेले. जिवंत आणि वादग्रस्त असलेल्या, ब्रिटिश सरकारला नकोशा झालेल्या नेत्याविषयी ते लिहिलेले आहे, आणि त्यामुळे त्याचे वजन बदलते. हाच फलक मी तिसऱ्या वर्षी पाहिला.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा आइन्स्टाइन अमेरिकेत होते. परतीच्या प्रवासात ते बेल्जियममध्ये उतरले आणि २८ मार्चला त्यांनी प्रशियन अकादमीचा राजीनामा पाठवला. चारच दिवसांनी अकादमीने निवेदन काढून कळवले की त्यांच्या जाण्याचे दुःख वाटण्याचे काही कारण नाही. या निवेदनाला उघड विरोध करणारे भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाऊए यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते, ते त्या मुलीला ठाऊक होते. त्याच वर्षी जुलैमध्ये, लष्करी सेवा नाकारणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांच्या बाजूने बोलावे अशी विनंती आली असता आइन्स्टाइन यांनी कळवले की, आपण बेल्जियन असतो तर आजच्या परिस्थितीत लष्करी सेवा नाकारली नसती. शांततावादी मित्रांना हा विश्वासघात वाटला. अनेकांनी तसे लिहिलेही. माझ्या मते त्यांच्या राजकीय विचारांची पारख करायची ती येथेच. अडीच वर्षांपूर्वी ज्या मताने तरुणांच्या छातीवर बिल्ले चढवले होते, ते मत परिस्थितीने खोटे ठरवताच त्यांनी जाहीरपणे खाली ठेवले. भौतिकशास्त्रात निरीक्षण जुळले नाही की आपण गृहीतक सोडतो, आणि ते प्रामाणिकपणाचे लक्षण मानतो. राजकारणात तेच करणारा माणूस मात्र डळमळीत ठरतो.

अणुबाँबविषयी आठही भाषणांत जी चूक होती, ती ठाण्यात व्हावी याचे मला विशेष वाईट वाटते. आपल्या खाडीच्या मुखाशी ट्रॉम्बेचा डोंगर उभा आहे, ऑगस्ट १९५६ मध्ये तिथे 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, आणि अणुसंशोधन केंद्रात नोकरी केलेले कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतेच. तरीही एमसी स्क्वेअर म्हणजे बाँबची कृती, ही समजूत जात नाही. ते सूत्र वस्तुमान आणि ऊर्जा यांचा हिशेब सांगते. युरेनियमचे अणुकेंद्र फुटते हा शोध डिसेंबर १९३८ मध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांच्या प्रयोगातून लागला आणि त्याचा अर्थ लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी लावला. एक अणुकेंद्र फुटले की त्यातून पुढची फुटत जातात, या साखळी प्रक्रियेचा धोका आइन्स्टाइन यांच्या कानावर घातला तो भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी, लाँग आयलंडवरील सुट्टीच्या घरी येऊन. २ ऑगस्ट १९३९ या तारखेचे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेले पत्र झिलार्ड यांच्याबरोबर तयार झाले, सही आइन्स्टाइन यांची होती, आणि ते अध्यक्षांच्या हाती पडायला ऑक्टोबर उजाडला. बाँबच्या प्रकल्पात त्यांना घेतलेच गेले नाही. १९४० मध्ये लष्कराने त्यांना सुरक्षाविषयक परवानगी नाकारली, आणि त्याचे कारण त्यांची राजकीय मते हेच होते. म्हणजे राजकारण वगळले तर आइन्स्टाइन यांनी बाँब का बनवला नाही, हेही सांगता येत नाही. त्या पत्रावरील सही ही आयुष्यातील एक मोठी चूक होती, असे त्यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्याजवळ बोलून दाखवले. मात्र जर्मनी आधी बाँब बनवील ही भीती हे त्याचे समर्थनही त्याच वेळी सांगितले.

अमेरिकेत राहू लागल्यावर त्यांना जे दिसले त्यावरही ते गप्प बसले नाहीत. १९३७ मध्ये प्रिन्स्टनच्या एका हॉटेलने कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना खोली नाकारली, तेव्हा आइन्स्टाइन यांनी त्यांना स्वतःच्या घरी उतरवून घेतले. मे १९४६ मध्ये, मानद पदव्या स्वीकारणे जवळजवळ बंद केलेले असताना, पेनसिल्व्हेनियातील कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठात ते मुद्दाम गेले आणि वर्णभेद हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, त्याबद्दल आपण मौन पाळणार नाही, असे म्हणाले. मोठ्या वृत्तपत्रांनी त्या भाषणाची फारशी दखल घेतली नाही, हे संपादकांना लिहिलेल्या पत्रात नमूद करावेसे वाटते.

या संदर्भात आपल्याशी थेट संबंध असलेला एक धागा आहे आणि तो पाठ्यपुस्तकांत का नाही हे मला कळत नाही. १३ जून १९४७ रोजी आइन्स्टाइन यांनी पंडित नेहरूंना चार पानी पत्र लिहिले. त्याची सुरुवातच भारताच्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करण्याचा निर्णय घेतल्याबद्दलच्या अभिनंदनाने आहे. पुढे त्यांनी अस्पृश्यांप्रमाणेच शतकानुशतके छळ सोसलेल्या ज्यू लोकांकडे वळून पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर भारताने त्यांची बाजू घ्यावी अशी विनंती केली. नेहरूंनी ११ जुलैला सविस्तर, सौजन्याचे, पण नकाराचेच उत्तर दिले. इतकी वर्षे राहूनही ज्यूंना अरबांचा सद्भाव का मिळवता आला नाही, असे त्यांनी विचारले. नोव्हेंबरमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या विरोधात मत दिले. गंमत अशी की नेहरूंचा तो प्रश्न आइन्स्टाइन यांनाही परका नव्हता. ज्यू राज्य स्थापण्यापेक्षा अरबांशी समजुतीने एकत्र राहणे आपल्याला अधिक पसंत पडेल, असे ते १९३८ मध्येच जाहीरपणे म्हणाले होते, आणि डिसेंबर १९४८ मध्ये इस्रायलमधील मेनाकेम बेगिन यांच्या उजव्या पक्षाचा निषेध करणाऱ्या पत्रावर राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांच्याबरोबर त्यांचीही सही होती. १९५२ मध्ये इस्रायलचे अध्यक्षपद देऊ केले गेले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले.

त्यांचे सर्वच विचार मला पटतात असे नाही. जागतिक सरकारची त्यांची कल्पना मला तेव्हाही भाबडी वाटत असे आणि आजही वाटते. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली ती स्वार्थी हेतूने असली तरी तिच्यातील काही प्रश्न खरे होते. मे १९४९ मध्ये समाजवादाच्या बाजूने लिहिलेल्या लेखात मात्र त्यांनी नियोजनाच्या नावाखाली नोकरशाही सर्वशक्तिमान होणार नाही याची हमी कोण देणार, हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला होता. आपल्याकडच्या समाजवाद्यांनी तो तेव्हा वाचला असता तर बरे झाले असते. १९२२-२३ च्या पूर्वेकडील प्रवासात लिहिलेल्या खाजगी दैनंदिनीत चिनी लोकांविषयी अशी वाक्ये आहेत की वर्णभेदाला रोग म्हणणाऱ्या माणसाची ती असावीत हे पटत नाही. पहिली पत्नी मिलेवा यांच्याशी ते ज्या कठोरपणे वागले, तेही लपवण्यासारखे नाही. ही बाजूही मुलांनी सांगावी. विस्कटलेल्या केसांच्या देवमाणसापेक्षा असा माणूस त्यांना अधिक जवळचा वाटेल.

शेवटचा प्रसंग मी मुद्दाम राखून ठेवला आहे, कारण त्यात एक शिक्षक आहे. १९५३ मध्ये ब्रुकलिनच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारे विल्यम फ्राउएनग्लास यांना कम्युनिस्टांशी संबंधांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीने बोलावले. त्यांनी आइन्स्टाइन यांचा सल्ला मागितला. उत्तरात आइन्स्टाइन यांनी लिहिले की, गांधींच्या असहकारासारखा मार्गच आता उरला आहे. अशा समितीपुढे बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येक विचारवंताने साक्ष देण्यास नकार द्यावा आणि त्यासाठी तुरुंगात जाण्याची, कफल्लक होण्याची तयारी ठेवावी. हे पत्र जूनमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आले. त्याच वृत्तपत्राने अग्रलेखात या सल्ल्याशी मतभेद नोंदवला, आणि असा सल्ला देणारा अमेरिकेचा शत्रू आहे, असे कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम चालवणारे सिनेटर मॅकार्थी म्हणाले. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने तोवर आइन्स्टाइन यांच्यावर पाळत ठेवून जमवायला घेतलेली कागदपत्रे अखेर चौदाशेहून अधिक पानांची झाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, प्रकृतीने खचलेल्या, जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञाने एका अनोळखी शाळाशिक्षकासाठी हे ओढवून घेतले. दोन वर्षांनी, ११ एप्रिल १९५५ रोजी, त्यांनी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर सही केली आणि १८ एप्रिलला ते गेले.

स्पर्धेत ती मुलगी या शिक्षकाच्या गोष्टीपर्यंत पोहोचली आणि पाच मिनिटे संपल्याची घंटा झाली, त्यामुळे ती नमस्कार करून खाली उतरली. आयोजकांना मी दोन सूचना लेखी कळवल्या आहेत: फलकावरील साल दुरुस्त करावे, आणि 'विषयाशी सुसंगती' या रकान्यात परीक्षकांनी गुण कापल्यास त्याचे कारण एका ओळीत लिहावे. अद्याप उत्तर आलेले नाही.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात ती वडिलांबरोबर भेटली. गुणांविषयी तिने काही विचारले नाही. "सर, त्या शिक्षकांचं पुढे काय झालं, ते मला कुठंच सापडलं नाही," एवढेच म्हणाली. त्यांनी साक्ष नाकारली आणि त्यांची नोकरी गेली, असे मी तिला सांगितले. तिने ते भाषणाच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक
नौपाडा, ठाणे (प.)